काड्या मांडल्या की वजाबाकी येते?

गठ्ठा-सुट्टे: शेजारच्या धाग्यावर कुणी छातीठोकपणे लिहिलंय, ‘मुलांच्या हातात काड्या द्या, हातच्याची वजाबाकी आपोआप येते.’ डोंबल येते! ५२ − २७ घ्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्ट्या. मूल एका गठ्ठ्याचा रबर काढतं, बारातून सात बाजूला, उरल्या पाच; चार गठ्ठ्यांतून दोन उचलले, उरले दोन. पंचवीस. मग काड्या डब्यात, वह्या बाहेर, आणि तेच मूल वहीत ३५ लिहितं, कारण सातातून दोन जातात, दोनातून सात जात नाहीत. रबर निघाला त्याच क्षणी वहीत ५ वर काट मारून ४ आणि २ च्या जागी १२ लिहायला हवं. ते कुणी करून घेत नाही. रचनावाद, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं हे तत्त्व, भिंतीवर रंगवून ठेवलाय फक्त.

पाढेवाला: चाळीस मुलं, पस्तीस मिनिटांचा तास. रबर गोळा करण्यातच घंटा होते. रीत घोटून घ्या, अर्थ मागून कळतो.

गठ्ठा-सुट्टे: घोटलेल्यांना ३०४ − १५८ द्या. दशकातल्या शून्याचे ९ करतात आणि शतकातला ३ तसाच ठेवतात. उत्तर २४६. शंभराचा गठ्ठा फोडल्याशिवाय दशक आले कुठून, हे डोक्यात नसतंच.

एकोणतीस: मूळ दुखणं आकड्यांच्या नावांत आहे. ‘त्रेपन्न’मध्ये तीन आधी ऐकू येतो, पोरं ३५ लिहितात. ‘एकोणतीस’ म्हटलं की ‘तीस’ ऐकून ३९. म्हणून २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ आलं, तर लोकांनी पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकरांची थट्टा केली. पुस्तक न उघडता!

पाढेवाला: भाजीवाली ‘नव्वद पाच रुपये’ म्हणणार आहे का? जर्मनही तीन-आणि-पन्नास म्हणतात, त्यांचं गणित अडलं नाही.

एकोणतीस: जर्मनमध्ये तीन आणि पन्नास हे दोन्ही शब्द अख्खे ऐकू येतात हो. आपल्याकडे ‘त्रे’, ‘बा’, ‘चव्वे’. एकोणनव्वदपर्यंत पुढच्या दशकातून एक कमी, आणि शेवटी एकदम नव्व्याण्णव! शिवाय ‘त्रेपन्न’ काढलं नव्हतं, दोन्ही शेजारी-शेजारी होतं.

पाढेवाला: मग दोन-दोन नावं पाठ करायची? ओझं कमी केलंत की वाढवलंत?

एकोणतीस: पाठ नाही करायचं, ऐकायचं! तुम्हाला पाठांतरापलीकडे काही दिसतच नाही.

गठ्ठा-सुट्टे: अहो, धागा वजाबाकीचा आहे. नाव कसंही घ्या, नोंद चुकली की ३५ च येणार.

पाढेवाला: बरं, काट मारण्याचं पटलं. नाइलाजानं. दोघांत एक संच: एकानं काड्या सोडायच्या, दुसऱ्यानं लिहायचं, पुढच्या उदाहरणाला अदलाबदल. वीस संच, प्रत्येकी शंभर काड्या. म्हणजे दोन हजार काड्या आणि दोनशे रबर. तेवढे पाठवून द्या, सोमवारी सुरू करतो.