'मोटेड ग्रेंज'ला मराठीत काय म्हणाल?

धागाकर्ती:
एका मासिकासाठी उत्खननावरचा लेख मराठीत करते आहे. जागा इंग्लंडमधली, काळ मध्ययुगाचा. चारी बाजूंनी पाणी आणि मधे एका मठाची शेती. इंग्रजीत दोन शब्दांत भागतं, 'मोटेड ग्रेंज'. पहिल्या खर्ड्यात मी 'खंदकवेष्टित धान्यागार' असं ठोकून दिलं. नवऱ्याने वाचलं आणि विचारलं, "रेशनच्या गोदामाला खंदक कशाला?"

शेक्सपिअर वाचलेल्यांना हा शब्द ओळखीचा असेल. 'मेझर फॉर मेझर'मधली मरियाना अशाच जागी एकटी राहत असते. पण तिथे नुसती उदास हवा पुरते, माझ्या लेखात गोठे आहेत, भट्टी आहे, खतसुद्धा आहे. तर ग्रेंजला काय म्हणू? मोटला काय? आणि तिथे राबणाऱ्या, भिक्षूही नाहीत आणि गडीही नाहीत अशा माणसांना काय?

जुनीपोथी:
तुमचं धान्यागार व्युत्पत्तीने बरोबर आहे, तरी अर्थाने चूक. लॅटिनमध्ये ग्रानुम म्हणजे दाणा. त्यावरून ग्रानिका, आणि तिथून जुन्या फ्रेंचमध्ये ग्रांज, म्हणजे धान्य ठेवायची इमारत. फ्रेंच माणूस आजही ग्रांज म्हटलं की कोठारच समजतो. स्पॅनिशमधल्या ग्रान्हाचा अर्थ मात्र पसरून अख्खं शेत झाला.

इंग्रजीत हा शब्द शेतावर गेला त्यात मठांचा मोठा हात आहे, त्यातही सिस्टर्शियन मठांचा. ख्रिस्ती भिक्षूंचा हा पंथ १०९८ साली फ्रान्समध्ये बर्गंडीतल्या सीतो इथे सुरू झाला. खंड (म्हणजे कुळांकडून येणारं जमिनीचं भाडं) आणि धर्मपट्टी (लोकांनी चर्चला द्यायचा उत्पन्नाचा हिस्सा) यांवर जगायचं नाही, आपली जमीन आपणच कसायची, असा त्यांचा सुरुवातीचा हट्ट. पण भिक्षूंना दिवसरात्र ठरलेल्या वेळी प्रार्थनेला मठात हजर राहावं लागे. मग पाच कोसांवरच्या शेतात नांगर कोण धरणार? त्यासाठी 'कॉन्व्हर्सी' नावाचा वेगळा वर्ग होता. व्रत घेतलेले, दाढी राखणारे, बहुतेक निरक्षर. ते शेतावर राहत आणि रविवारी, सणासुदीला मठात येत. म्हणून नियमच होता की ग्रेंज मठापासून एका दिवसाच्या चालीपेक्षा लांब नसावी.

म्हणजे कोठार, गोठे, राहायची घरं, चूल-भट्टी, प्रार्थनेची खोली, जमलं तर माशांचं तळं, आणि भोवतीची जमीन, या सगळ्या पसाऱ्याला मिळून ग्रेंज म्हणत. माझं मत 'मठाची वाडी'. आणि त्या माणसांना 'सेवेकरी'. आपल्याकडे मठात असतात ना तसे. दीक्षा घेतलेल्या स्वामींच्या पंक्तीला बसत नाहीत, पण पगारी नोकरही नसतात.

कोकणकडा:
वाडी नको हो. वाडी म्हटलं की मला नारळी-पोफळी दिसतात. 'मळा' का नको? नाहीतर सरळ 'मठाचं इनाम'.

जुनीपोथी:
मळ्याला विहिरीचं किंवा पाटाचं पाणी आणि बागायत लागते. इथे गहू, बार्ली आणि मेंढरं. इनामाला माझा कडक विरोध आहे. इनाम जमीन कुळं कसतात, मठाला वाटा येतो. सिस्टर्शियनांना सुरुवातीला नेमकं तेच नको होतं. आपल्याकडचं मठदान बघा. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात गौतमीपुत्र सातकर्णी भिक्षूंना २०० निवर्तनं जमीन देतो. ती भिक्षूंनी नांगरावी म्हणून दिलेली नाही. विनयात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांत, तर भिक्षूने जमीन खणणं हाच दोष धरलाय. इनाम लिहिलंत की मराठी वाचक ग्रेंजचं चित्र उलटं काढणार.

आणि वाडीबद्दल एक. मोल्सवर्थच्या कोशात वाडी म्हणजे कुंपण घातलेली जमीन, आणि शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजकाही. तुमच्या जागेला नेमकं कुंपण आहे, फक्त पाण्याचं.

कोकणकडा:
बरं, वाडी. पण 'मठवाडी' नको, ते एसटीच्या पाटीवरचं गाव वाटतं.

गंजीफा:
मला वाटलं ग्रेंज म्हणजे आपली कडब्याची गंजी. धान्याचा ढीग, गंज, ग्रेंज. जुळतंय की!

जुनीपोथी:
कानाला जुळतंय, वंशाला नाही. 'गंज' फारसीकडचा, म्हणजे खजिना, साठा. बाजारपेठांच्या नावात तोच आहे. ग्रेंजमधला 'र' दाण्यातून आलाय, तो मधेच गिळता येत नाही.

धागाकर्ती:
वाडी आणि सेवेकरी दोन्ही घेतले. आता मोट. खंदक लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर अहमदनगरचा भुईकोट येतो, तोफा येतात. इथे तर गाई आणि बदकं आहेत.

जुनीपोथी:
या शब्दाची गंमत आहे. जुन्या फ्रेंचमध्ये मोत म्हणजे उंचवटा, टेकाड. खड्डा नव्हे! मातीच्या कृत्रिम टेकडीवर लाकडी गढी बांधायचे, त्या टेकडीला इंग्रजीत आजही मॉट म्हणतात. टेकडीसाठी माती जिथून काढली तिथे खड्डा पडला, त्यात पाणी साठलं, आणि इंग्रजीत तेच नाव घसरत घसरत खड्ड्याला चिकटलं. ढीग आणि खड्डा एकाच कुदळीची पोरं.

कौटिल्यही हेच सांगतो, फक्त मोजमापासकट. दुर्गाभोवती तीन परिखा, म्हणजे खंदक, रुंदी १४, १२ आणि १० दंड, त्यांत कमळं आणि सुसरी. आणि खोदलेल्या मातीचाच वप्र, म्हणजे तटाचा बांध, घालायचा.

'खंदक'चा प्रवास तर याहून लांबचा. इराणी भाषेत 'कन्' म्हणजे खणणे, संस्कृत 'खन्'चा सख्खा चुलतभाऊ. मूळ शब्द 'खणलेलं' अशा अर्थाचा. तो अरबीत गेला, 'ख़ंदक़' झाला. इ. स. ६२७ मध्ये मुसलमानांनी मदिनेच्या उत्तरेला चर खणून शहराचा बचाव केला, ती लढाई याच नावाने ओळखली जाते. खणायची युक्ती सलमान फारसी नावाच्या इराण्याने सुचवली अशी परंपरा आहे. म्हणजे माल आणि नाव, दोन्ही इराणचे. पुढे फारसीच्या पाठीवर बसून हा शब्द दख्खनेत आला आणि आपल्या खणणे, खाण, खाई या भावंडांच्या शेजारी परका म्हणून राहू लागला.

गंजीफा:
आणि मोट लिहिलं तर बैल जुंपायचे आणि विहिरीतून पाणी काढायचं!

कोकणकडा:
धागाकर्तींची अडचण लढाईच्या वासाची आहे. मग 'चर' म्हणा. शेताभोवती पाणी निघून जावं, गुरं आत येऊ नयेत म्हणून आपण चर मारतोच. इंग्लंडचे हे खंदक तरी कशासाठी होते?

ओलीमाती:
(मी यॉर्कशरमध्ये राहते. दिवसभर याच मातीत असते, म्हणून मधे तोंड घालते.)

इंग्लंडमध्ये असे सुमारे ६,००० खंदक नोंदलेले आहेत. बरेचसे १२५० ते १३५० या शतकातले, आणि मध्य व पूर्व इंग्लंडच्या चिकणमातीत दाट. चिकणमाती पाणी धरते, म्हणून तिथे. यातले बहुतेक जमीनदारांच्या घरांभोवतीचे आहेत, मठांचे थोडे. सैन्य अडवण्याच्या लायकीचे ते सहसा नसतात. चोर, भटकी जनावरं अडतात. पाणथळ जागेतलं पाणी बाजूला निघून मधला चौथरा कोरडा राहतो. मासे पाळता येतात. आणि खरं सांगायचं तर शेजाऱ्याला दिसतं की आपणही कोणीतरी आहोत. सरदाराच्या किल्ल्याला खंदक, मग आपल्या घराला का नको? आपल्याकडे दोन खोल्यांच्या घराला 'पॅलेस' नाव देतात त्यातलाच प्रकार.

मी पहिला पाहिला तेव्हा माझी निराशाच झाली होती. कुरणात एक चौकोनी खळगा, गुडघाभर खोल. एका कोपऱ्यात काळं पाणी, लव्हाळा, काठाला खाजऱ्या काट्यांचं रान. मेंढ्या निवांत आत उतरून वर येत होत्या. पण तो काळा कोपराच सोन्याचा. तिथे हवा पोचत नाही, म्हणून चामडं, लाकूड, बिया, परागकण टिकतात. चौथऱ्यावर, कोरड्या मातीत, याच वस्तू केव्हाच संपलेल्या असतात. तिथे उरतात खापरं, हाडं, दगडी पाये.

पेवातलीज्वारी:
माझ्या आजोळी, सोलापूरकडे, पेवं होती. जमिनीत घागरीच्या आकाराचा खड्डा, तोंड लहान, आतून पेंढा आणि कडबा, वरून मातीने बंद. हवा नाही म्हणून किडा नाही, ज्वारी वर्षानुवर्षं राही. पेव उघडल्यावर आजोबा कोणालाही लगेच उतरू देत नसत. आधी कंदील सोडायचे. विझला तर अजून वेळ आहे. आत जाऊन माणसं मेल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. तुमच्या त्या काळ्या कोपऱ्याचं वाचून तोच वास आला.

ओलीमाती:
वास अगदी तोच, कुबट-आंबट. फक्त एक लक्षात ठेवा. पेव भरलं की बंद करतात. खंदक मात्र राहत्या घराचा होता, तो गाळाने भरू लागला की उपसावा लागे. म्हणून खणताना तळाशी बांधकामाच्या काळातला गाळ मिळेलच असं नाही. पुष्कळदा मिळतो तो शेवटचा, वाडी ओस पडल्यानंतरचा. अनुवादात 'खंदकातील गाळावरून वाडीचा काळ ठरतो' असलं काही आलं असेल तर मूळ वाक्य पुन्हा बघा.

धागाकर्ती:
आलं होतं! मूळात 'वापर संपल्याचा काळ' आहे. मी नजरचुकीने सरसकट केलं. वाचवलंत.

'चर' मला आवडला होता, पण एक घोटाळा झाला. उत्खननात जो खड्डा घेतात त्यालाही आपण चरच म्हणतो. माझं वाक्य झालं, 'पूर्वेकडच्या चरात आडवा चर घेतला असता चराच्या तळाशी…'

कोकणकडा:
चराचर! मागे घेतला.

जुनीपोथी:
मग पाण्याचा तो खंदक, उत्खननाचा तो चर. पहिल्यांदा येईल तिथे 'पाण्याने भरलेला उथळ खंदक' असं लिहा, तोफा आपोआप पळतील.

गंजीफा:
एक बाळबोध शंका. ओलीमाती, तुमच्याकडे गावोगाव 'ग्रेंज फार्म' अशा पाट्या असतात म्हणे. म्हणजे 'वाडीचं शेत'?

ओलीमाती:
पिवळा पीतांबरच तो. चौदाव्या शतकात सेवेकरी मिळेनासे झाले, १३४८-४९ च्या प्लेगने उरलीसुरली माणसं नेली, आणि मठांनी वाड्या खंडाने द्यायला सुरुवात केली. हो, तोच खंड, जो आधी नको होता. १५३६ ते १५४० मध्ये आठव्या हेन्रीने मठच बंद केले. जमिनी विकल्या गेल्या, नावं राहिली. लोक ग्रेंजचा अर्थ विसरले आणि पुढे फार्म जोडलं. काही ठिकाणी तर श्रीमंतांनी नव्या बंगल्यांना हौसेने ग्रेंज नाव दिलं, तिथे मठाचा संबंधच नाही. लीड्समध्ये मूर ग्रेंज नावाची अख्खी वस्ती आहे, सेमी-डिटॅच्ड घरांची.

उलटंही होतं. आयर्लंडमधलं न्यूग्रेंज माहीत असेल, ते पाच हजार वर्षांहून जुनं थडगं. त्याचं नाव आलंय मेलिफाँट या मठाच्या जमिनीवरून. आयर्लंडमधला पहिला सिस्टर्शियन मठ तो, ११४२ सालचा.

कोकणकडा:
म्हणजे पाच हजार वर्षांच्या थडग्याचं नाव नवीवाडी.

जुनीपोथी:
आडनावंही बघा. ग्रेंज सांभाळणारा तो ग्रेंजर. आपल्याकडे कोठाराचा हिशेब ठेवणारा कोठावळा, त्यावरून कोठावळे. 'हॅरी पॉटर'मधली ती पुस्तकी हुशार हर्मायनी ग्रेंजर मराठीत आली तर कु. कोठावळे म्हणूनच यायला हवी.

पेवातलीज्वारी:
धान्यकोठार बघायचं असेल तर कोणतं उरलंय का तिकडे? उगाच उत्सुकता.

ओलीमाती:
ग्रेट कॉक्सवेल, ऑक्सफर्डशरमध्ये. ब्यूली मठाच्या ग्रेंजचं कोठार, साधारण १३०० च्या आसपासचं. दगडी भिंती, ४५ मीटरच्या आसपास लांबी. आत छत तोलणारे ओकचे खांब, प्रत्येक खांब माणसाच्या उंचीहून मोठ्या दगडी ठोकळ्यावर उभा, जमिनीची ओल लाकडाला चढू नये म्हणून. खंदक नाही तिथे, पण आत उभं राहिलं की कळतं, दाण्याच्या इमारतीचं नाव सगळ्या शेताला का पडलं असेल ते.

धागाकर्ती:
शीर्षक पाठवलं: 'खंदकाआडची मठाची वाडी'. संपादकांचा फोन आला होता. म्हणाले शीर्षक छान आहे, फक्त वाडी कुठल्या तालुक्यात ते लिहा.