विश्रामबागवाडा: नुसतं संग्रहालय की सगळ्यांची जागा?

पेठकर:
पुण्याच्या विश्रामबागवाड्याचं फक्त संग्रहालय करा, असं इथं बरेच जण म्हणतात. मला नाही पटत. दुसऱ्या बाजीरावानं राहायला बांधलेल्या या वाड्यात पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांत, १८२१ मध्ये, संस्कृत पाठशाळा भरली. पुढं नगरपालिकेचा कारभार इथून चालला, टपाल कार्यालयही आलं. पेशव्यांचं राहणं दहा-अकरा वर्षांचं, लोकांचा वावर दोनशे वर्षांचा! खाली अभ्यासिका, चौकात संध्याकाळी गाणं, ओसरीवर कारागिरांची विक्री, वर प्रदर्शन, एवढं सहज मावेल. तुळशीबागेत खरेदीला आलेल्या बाईला घटकाभर टेकता आलं, तर तिलाही वाडा आपला वाटेल.

लाकूडकाम:
पेठकर, १८७९ ची आग विसरलात. वाड्याचा मोठा भाग तेव्हा जळाला. शनिवारवाड्याचं १८२८ मध्ये काय झालं, ते तर रोज दिसतंच: तट आणि जोती उरली. इथं सागवानी सज्जा आहे, सुरूच्या आकाराचे कोरीव खांब आहेत. अभ्यासिका म्हटली की पंखे, चार्जर, रात्रभर दिवे. मी जुन्या वाड्यांची दुरुस्ती करतो. एका वाड्यात कचेरी होती. प्लायवूडच्या भिंती काढल्या, तेव्हा मागं नक्षीत ठोकलेले खिळे आणि तुळईवरून ओढलेल्या उघड्या तारा निघाल्या. वापरणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून म्हणतो, संग्रहालयच बरं.

पेठकर:
आणि कुलूप लावलेल्या खोलीत वाळवी लागली तर कोणाला कळणार? कौलातून गळलेलं पाणी रोज बसणाऱ्यालाच आधी दिसतं. तारा नीट टाका, खिळे बंद करा. माणसं कशाला बंद करता?

निवृत्त शिक्षिका:
दोघंही जिन्याबद्दल बोलत नाही. माझे गुडघे गेलेत. प्रदर्शन वर ठेवलंत तर माझ्यासारख्यांनी खालूनच परत फिरायचं का? प्रदर्शन खाली आणा, पोरं वर चढतील. आणि चौकात तबला सुरू असताना वर कोण वाचणार? गाणं रविवारीच ठेवा.

लाकूडकाम:
ताई, वर शंभर पोरं बसवायची तर आधी प्रत्येक तुळई तपासावी लागेल. पुस्तकांच्या कपाटांचं वजन वेगळंच. पोरं आणि पुस्तकं खालीच हवीत.

निवृत्त शिक्षिका:
मग खालची जागा अर्धी पोरांना, अर्धी प्रदर्शनाला द्या. विक्री चौकात मांडा, पावसाळ्यात बंद ठेवा. पण मला वर पाठवू नका.