समुद्र गरुड ओळखताना शेपटी बघा

‘पांढरं डोकं दिसलं की समुद्र गरुड’ हा नियम कोकणातल्या हर्णै बंदरात लगेच फसतो. मासळीच्या लिलावावर घिरट्या घालणाऱ्या ब्राह्मणी घारींचंही डोकं पांढरंच असतं की! मी शेपटी बघतो. घारीची गोलसर आणि तांबूस, गरुडाची आखूड, पाचरीसारखी, टोकाला पांढरी. तरंगताना गरुड पंख व्हीसारखे वर उचलून धरतो, आणि त्यांचा पसारा 2 मीटरच्या आसपास. तपकिरी पिल्लं मात्र मलाही अजून चकवतात. पांढरं-राखाडी रूप यायला चार-पाच वर्षं जातात.

फोटोचं म्हणाल तर गुहागरला माझा पहिला अख्खा दिवस वाया गेला. मागे सुरूचं गर्द बन. कॅमेऱ्यानं ते अंधारं समजून उजेड वाढवला आणि गरुडाचं पोट म्हणजे नुसता चुन्याचा फराटा! आता अशा ठिकाणी एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्यावर ठेवतो, काळ्या पिसांत थोडा तपशील गेला तरी चालतो. घरट्याच्या झाडाखाली मात्र तळ ठोकू नका. जोडी वर्षानुवर्षं तेच घरटं डागडुजी करून वापरते, पण अंड्यांच्या दिवसांत त्रास झाला तर सोडूनही जाते. झाडाखाली कधी समुद्री सापांचे मणके पडलेले दिसतात, तेवढं बघावं आणि निघावं. माझा सगळ्यात बरा फोटो घरट्यापासून लांब, सकाळच्या ओहोटीला, खाडीच्या तोंडाशी मिळाला. पायात तडफडता मासा, आणि मागे लागलेले दोन कावळे.