ओपन आणि क्लोज्ड हेडफोन: डग्ग्याचा घुमारा नेमका कुठे हरवतो?

काळी_एक:
शास्त्रीय गायनाची ध्वनिमुद्रणे ऐकणे आणि जुन्या घरगुती मैफलींच्या कॅसेटचे संगणकावर जतन करणे, या दोन कामांसाठी मी बायरडायनॅमिक कंपनीचे दोन हेडफोन वापरतो. डीटी ७७० प्रो हा क्लोज्ड, म्हणजे मागून बंद कपाचा आहे, तर डीटी ९९० प्रो हा ओपन, म्हणजे मागे जाळी असलेला. दोन्ही २५० ओहमचे आहेत. ओपनमध्ये तानपुरा मोकळा वाटतो आणि त्याची जवारी, म्हणजे तारेची झंकारती गुंज, स्पष्ट उलगडते. क्लोज्डमध्ये खालचे स्वर भरदार लागतात असे सर्वत्र वाचले होते. प्रत्यक्षात मात्र डग्ग्याचा घुमारा मला त्यातच कमी ऐकू येतो, आणि तोही एका दिवशी बरा तर दुसऱ्या दिवशी पोकळ. हेडफोन सदोष आहे, की माझ्या ऐकण्यातच काही चुकते आहे?

रात्रपाळी:
हेडफोनला दोष देण्याआधी एक विचारतो: आपण चष्मा लावता का? ड्रायव्हरचा, म्हणजे हेडफोनमधल्या छोट्या स्पीकरचा, पडदा कानाकडे जितकी हवा ढकलतो तितकीच मागेही ढकलतो. ओपन हेडफोनमध्ये मागची लहर जाळीतून खोलीत निघून जाते; क्लोज्डमध्ये ती कपात अडते आणि तिथल्या शोषक साहित्याने पुरती जिरली नाही, तर परत फिरून मूळ आवाजात मिसळते. ज्याला आपण ‘डब्यातला आवाज’ म्हणतो, त्याचे एक मोठे कारण हेच. खर्जाची गोष्ट मात्र वेगळी आहे. क्लोज्डमधला खर्ज बऱ्याच अंशी पॅड आणि कान यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेवर उभा असतो. चष्म्याच्या काडीमुळे पॅडखाली फट राहिली की दाब तिथून निसटतो आणि सर्वांत आधी खालचे स्वर जातात. काडी रोज त्याच जागी बसत नाही, म्हणून रोजचा आवाजही सारखा राहत नाही. ओपन हेडफोन या कोंडलेल्या हवेवर कमी अवलंबून असतो. त्याचा अतिखर्ज मुळातच उतरता असला तरी फटीमुळे होणारा फरक त्यात सहसा थोडा असतो.

जवारी:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण आणखी एक शंका येते. क्लोज्ड लावल्यावर बाहेरचा गोंगाट कमी होतो, त्यामुळे आपण नकळत आवाज कमी ठेवत असाल. डीटी ७७० बाहेरचा आवाज सुमारे १८ डेसिबल अडवतो असे उत्पादक सांगतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवले होते की एकंदर आवाज खाली आणला, की कानाला खालचे स्वर वरच्यांपेक्षा अधिक वेगाने क्षीण वाटू लागतात. दोन्ही हेडफोनची जाहीर संवेदनक्षमता, म्हणजे तेवढ्याच विद्युतशक्तीवर मिळणारा आवाज, सारखीच, ९६ डेसिबल आहे. तेव्हा अँपचा (अँप्लिफायरचा) आवाजाचा खटका न हलवता एकच बंदिश दोन्हींवर ऐकून पाहावी.

तानपुऱ्याबाबत थोडे विषयांतर करतो. पुरुष गायकाचा सा काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) असेल तर तो सुमारे १३९ हर्ट्झवर येतो आणि खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास. जवारी लावलेल्या तारेत वरचे आंशिक स्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर) इतके प्रबळ असतात की मूळ स्वर क्षीण असला तरी कान तो स्वतःच जुळवून घेतो. त्यामुळे ओपनमधून थोडा खर्ज वजा झाला तरी तानपुऱ्याचे फारसे बिघडत नाही. डग्ग्याला ही सवलत कमी मिळते, विशेषतः मनगटाच्या दाबाने काढलेल्या मींडेत.

बैठक_संग्रह:
‘ओपन म्हणजे प्रशस्त’ असे सर्रास म्हटले जाते, ते मला तितकेसे पटत नाही. आपल्या कॅसेट मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज देणाऱ्या) असतील, तर दोन्ही हेडफोनांत गायक डोक्याच्या मध्यभागीच बसणार; तिथे आवाज किती रुंद पसरल्यासारखा वाटतो, याची चर्चा व्यर्थ आहे. शिवाय उत्पादकाने आवाजाचा तोल कसा बसवला आहे, याचा परिणाम अनेकदा कपाच्या जाळीपेक्षा मोठा असतो. डीटी ९९० मध्ये तीव्र स्वर मुद्दाम उठावदार आहेत, त्यामुळे जवारीची जी चकाकी आपल्याला भावली ती सगळी मोकळ्या हवेची नव्हे. सेनहायझरचा एचडी ६०० हाही ओपनच, पण त्याचा स्वभाव याहून बराच सौम्य आहे.

कॅसेटची खरखर आणि टकटक शोधायला मात्र क्लोज्डच घ्यावा. ओपनमध्ये रस्त्यावरचे हॉर्न आणि पंख्याची घरघर यांच्याआड हे दोष सहज लपतात.

काळी_एक:
सर्वांचे आभार. चष्मा आहे, आणि त्याची काडी जाडही आहे. काल रात्री पंखा बंद करून, अँपचा खटका न हलवता, विलंबित एकतालातली एकच बंदिश चष्म्यासह आणि चष्म्याविना ऐकली. क्लोज्डमध्ये चष्मा काढताच डग्गा जागेवर आला. ओपनमध्ये फरक इतका थोडा होता की खात्रीने सांगता येणार नाही. खटका एकाच जागी ठेवल्यावर पूर्वी मी क्लोज्डमध्ये आवाज बराच कमी ठेवत होतो, हेही लक्षात आले.

हार्मोनियम मात्र क्लोज्डमध्ये अजूनही किंचित नाकातून बोलल्यासारखी वाटते आणि ते चष्मा काढूनही गेले नाही. ते कपाचेच देणे असावे. संपादनासाठी आता क्लोज्ड आणि बारीक काडीचा चष्मा. निवांत ऐकण्यासाठी ओपन. फक्त रात्री ओपन लावला की शेजारी झोपलेल्यांनाही विलंबित ख्याल ऐकावा लागतो, आणि त्याबद्दलची तक्रार कालच दाखल झाली आहे.