मदत हवी आहे : आईचा आवाज कापतोय

नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची आहे. वर्षभर तिचा आवाज कापतोय. आरतीत सूर लांबवला की 'आ' एका लयीत हेलकावतो. फोनवर लोक विचारतात, "रडताय का?" तिने फोन घेणंच सोडलंय, याचं फार वाईट वाटतं. कपबशी धरतानाही हात थरथरतो. आजीचंही असंच होतं. एका डॉक्टरांनी "वय झालं" म्हणून परत पाठवलं. थायरॉइड नॉर्मल आहे.

इसेन्शियल ट्रेमर (हात, आवाज आपोआप थरथरण्याचा आजार), स्पास्मोडिक डिस्फोनिया (स्वरयंत्राचे स्नायू आपोआप आखडून आवाज अडखळणं) की पार्किन्सन्स, हे नक्की कसं ठरवतात? नाकातून दुर्बीण घालून, बोलायला लावून स्वरयंत्र पाहतात, ती तपासणी कुणी करून घेतली आहे का? आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठू की न्यूरॉलॉजिस्ट? आवाजाच्या अशा त्रासासाठी स्वरयंत्रात बोटॉक्सचं (स्नायू सैल करणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन घेतलेल्यांनी, नंतर पाणी पिताना ठसका लागायचा का आणि किती महिने फरक टिकला, तेही कृपया सांगा.