मदत हवी आहे: रिअल-टाइम कर्नल टाकूनही मधूनच उशीर होतोय

नमस्कार मंडळी,

भोसरीतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये जुन्या मिलिंग मशीनला लिनक्सवर चालणारा कंट्रोलर बसवतोय. दर १ मिलिसेकंदाला सर्वोला (मशीन हलवणाऱ्या मोटरला) नवी पोझिशन द्यायची, एवढंच काम. पण ते वेळेतच व्हायला हवं, नाहीतर जॉबवर ओरखडा उठलाच म्हणून समजा.

लिनक्स ६.१२ पासून प्रीएम्प्ट-आरटी (कामं ठरल्या वेळेत व्हावीत म्हणून केलेली रिअल-टाइम सोय) मूळ कर्नलमध्येच आलंय, म्हणून तोच घेतला. वेगळा पॅच लावायची कटकट नाही. (इतकी वर्षं ज्यांनी हे काम नेटाने रेटलं, त्यांचे खरंच उपकार आहेत.)

रात्रभर सायक्लिकटेस्ट (थ्रेड ठरल्या वेळेपेक्षा किती उशिरा जागा होतो ते मोजणारी चाचणी) चालवली. एरवी विलंब ३०-४० मायक्रोसेकंदांत राहतो, पण तासातून एकदोनदा थेट ८०० च्या पुढे जातो. थ्रेडला फिफो शेड्युलिंगवर ८० प्रायॉरिटी दिली, मेमरी लॉक केली, एक कोअर वेगळा काढला, बायोसमध्ये सी-स्टेट (प्रोसेसरच्या वीज वाचवणाऱ्या झोपेच्या अवस्था) बंद केले. काडीचाही फरक नाही.

माझा संशय एसएमआयवर (सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्टवर) आहे. तो आला की प्रोसेसर फर्मवेअरच्या ताब्यात जातो, तिथे कर्नल तरी काय करणार? एचडब्ल्यूलॅटडिटेक्टने (हार्डवेअर-फर्मवेअरमुळे होणारा उशीर शोधणाऱ्या टूलने) हे पकडता येईल ना? किती वेळ चालवावं? बायोसमधला यूएसबी लेगसी सपोर्ट बंद करून कुणाला फरक पडलाय का? की आधी एफट्रेस (कर्नलमध्ये काय चाललंय ते नोंदवणारं टूल) लावून ड्रायव्हर तपासू?

पुण्यात कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा. गुरुवारी आमची सुट्टी असते, लॉग घेऊन म्हणाल तिथे येतो.