इटली पहिल्यांदाच: आठ दिवस, सोबत आईबाबा, आई पक्की शाकाहारी

चहाबाज: ऑक्टोबरात आईबाबांना घेऊन इटलीला जायचं घाटतंय. तिघांचीही पहिलीच खेप, हातात आठ दिवस. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान असं आखलंय. बाबांचे गुडघे कुरकुरतात, आई अंडंही खात नाही. जमेल का? दशम्या-चटणीवर आठ दिवस काढणार नाही, असं आईनेच बजावलंय.

पायपीट: पाच गावं आठ दिवसांत? रोज बॅगा भरायच्या आणि रोज उपसायच्या. पिसा, मिलान खोडा. रोम चार दिवस, फ्लॉरेन्स दोन, उरलेले व्हेनिस. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तास, तिथून व्हेनिस दोन-सव्वादोन तास. व्हेनिसला सांता लुचिया स्टेशनाजवळच राहा. तिथे रिक्षा-टॅक्सी नाही, पुलापुलाला पायऱ्या, आणि बॅग तुमच्याच हातात.

रोमच्या कोलोसियममध्ये, म्हणजे त्या प्राचीन गोल क्रीडागारात, लिफ्ट आहे. शेजारच्या फोरममध्ये, म्हणजे जुन्या चौकाच्या अवशेषांत, मात्र दगड ओबडधोबड, बाबांना चांगले बूट हवेत. पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका. रोमभर ‘नाझोने’ म्हणून लोखंडी नळ अखंड वाहत असतात. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, ती थेट तोंडात. बाबांना पहिल्या प्रयत्नात चष्मा पुसावा लागेल.

वरणफळ: खाण्याचं मी सांगते, माझ्या सासूबाईही अंडं खात नाहीत. वाळवलेला पास्ता बहुधा नुसत्या गव्हाचा, तो खा. ताज्या पास्त्यात बहुतेक अंडं असतं, तिरामिसू या गोड पदार्थात तर असतंच. आइस्क्रीमच्या दुकानात फळांचं ‘सॉर्बेतो’ मागा. चीजची गोम वेगळी: अस्सल पार्मेजान वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. आईंना ते चालणार नसेल तर ‘सेन्झा फोर्माज्जो’ म्हणायचं, म्हणजे चीज नको.

पिझ्झा ‘मारिनारा’ घ्या. नावाने मासळीचा वाटतो, पण त्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, बस्स, चीजही नाही. आणि मेन्यूत ‘पेपेरोनी’ दिसलं तर दचकू नका, ते मांसाचं सॉसेज नव्हे, ती ढोबळी मिरची! सूपमध्ये ‘ब्रोदो’ आहे का तेवढं विचारा. तो बहुधा मांसाचाच रस्सा असतो. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर काही ठिकाणी हॅम, म्हणजे डुकराचं मांस, येतं, ते त्यांच्या लेखी मांसात मोडत नाही.

कॅमेराबंद: आईंच्या पर्समध्ये एक ओढणी असू द्या. चर्चमध्ये खांदे, गुडघे झाकलेले लागतात, बाबांची बर्म्युडा हॉटेलातच राहू दे. व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपेलमध्ये फोटो काढायला बंदी. फ्लॉरेन्सचं उफिझी संग्रहालय सोमवारी बंद. कोलोसियमचं तिकीट वेळेचं आणि नावाचं असतं, ओळखपत्र जवळ ठेवा.

कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायची, टेबलावर बसलं की दर चढतो. व्हेनिसच्या सान मार्को चौकात बसून प्यायलात तर बिल बघून बाबा गुडघे विसरतील. फ्लॉरेन्सला बिलात माणशी ‘कोपेर्तो’ दिसेल, ते टेबलावर बसण्याचं शुल्क, फसवणूक नव्हे.

पायपीट: एक राहिलं. जवळच्या पॅसेंजर गाडीचं छापील तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या. आम्ही तिकीट खिशात घालून ऐटीत बसलो आणि दंड भरून उतरलो.

चहाबाज: पिसा, मिलान खोडलं, बाबा खूश. आई विचारतेय, दही मिळेल का?

वरणफळ: कुठल्याही सुपरमार्केटात. पण ‘सेन्झा झुक्केरी’, म्हणजे बिनसाखरेचं, वाचून घ्या. पांढरं दिसलं म्हणून आम्ही उचललं आणि व्हॅनिलाच्या दह्यात भात कालवला. सासूबाईंनी तो संपवला, टाकवत नाही म्हणून.